बॉवरबर्डचा फोटो आणि चित्र: मादी उभी राहते तिथून बघा

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बहिणीकडे ब्रिस्बेनला जाणं आहे. तिचं घर शहराच्या पश्चिमेला, माउंट ग्लोरियसच्या बाजूला. घरामागच्या झाडीत सॅटिन बॉवरबर्ड या पक्ष्याने आपला बॉवर, म्हणजे जमिनीवरचा काटक्यांचा मांडव, उभा केलाय. त्याचे फोटो काढायचेत आणि त्यावरून जलरंगात एक प्लेट, म्हणजे पानभर चित्र, करायची आहे, जुन्या पक्षिग्रंथांत असते तशी. शंका तीन: बहिणीने पाठवलेल्या फोटोंत पक्षी नुसता काळा गोळा दिसतो, त्याला उपाय काय? तो निळ्या वस्तू गोळा करतो, तर निळी झाकणं टाकून त्याला कॅमेऱ्यासमोर आणावं का? आणि चांगला फोटो मिळाला, तर मग चित्राची गरजच काय?

मी बरीच वर्षं क्वीन्सलँडमध्ये राहून फोटो आणि चित्रं दोन्ही करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मधल्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिथे चुकलात तर बाकीच्या मेहनतीला अर्थ राहत नाही. झाकणं टाकू नका. एकही नाही.

कारण समजायला बॉवर म्हणजे काय ते आधी नीट बघू. सुगरणीचं घरटं आपल्या सगळ्यांच्या पाहण्यातलं असतं. नर विणतो, मादी येऊन तपासते आणि पसंत पडलं तर त्यातच अंडी घालते. बॉवरमध्ये अंडी कधीच घातली जात नाहीत. मादी आपलं घरटं वेगळीकडे, झाडावर, एकटीने बांधते आणि पिल्लंही एकटीच वाढवते. नर तिकडे फिरकत नाही. जमिनीवर काटक्यांच्या दोन समांतर भिंती, साधारण ३० सेंटिमीटर उंच, मधे एक अरुंद बोळ आणि बोळाच्या तोंडाशी वस्तूंनी सजवलेलं छोटं अंगण, एवढा सगळा खटाटोप एकाच कामासाठी असतो. मादीने बोळात उभं राहावं आणि समोर अंगणात नाचणाऱ्या नराकडे बघावं. तिच्या दोन्ही बाजूंना भिंती असतात, त्यामुळे नराला तिच्यावर एकदम झेप घेता येत नाही. मीलनासाठी त्याला वळसा घालून मागच्या बाजूने यावं लागतं, तोवर तिला निघून जायला वाव असतो.

अंगणातल्या वस्तू त्याने नुसत्या गोळा केलेल्या नसतात, त्या राखलेल्याही असतात. आजूबाजूचे नर सतत एकमेकांच्या वस्तू पळवतात, संधी मिळाली की बॉवरच मोडून टाकतात. स्पॉटेड बॉवरबर्ड या भाऊबंदावर जोआ मॅडन या संशोधकाने क्वीन्सलँडमध्ये प्रयोग केला. हा पक्षी एका रानवांग्याच्या जातीची हिरवी फळं अंगणात मांडतो. काही नरांच्या अंगणात नेहमीपेक्षा जास्त फळं ठेवली, तर शेजाऱ्यांनी त्यांचे बॉवर जास्त मोडले. आणि नरांना मोकळेपणाने फळं देऊ केली, तेव्हा त्यांनी आपल्याला राखता येतील त्यापेक्षा जास्त मांडलीच नाहीत. म्हणजे अंगणातली संख्या हेच त्या नराचं खरं वजन असतं. तुम्ही दहा झाकणं टाकलीत तर मादीला खोटी माहिती मिळते आणि शेजाऱ्यांना हल्ल्याचं निमित्त. तुम्ही फोटो घेऊन पुण्याला परत याल. त्याचा मोसम मात्र वाया जाईल.

याच्या उलटा प्रकारही इथे बघायला मिळतो. काही फोटोग्राफर अंगणातलं प्लॅस्टिक उचलून बाजूला ठेवतात, फोटो ‘नैसर्गिक’ दिसावा म्हणून. तेही नको. ब्रिस्बेनजवळच्या सॅटिनच्या अंगणात बाटल्यांची झाकणं, कपड्यांचे चिमटे, पेनांची टोपणं, स्ट्रॉ हे असणारच. त्यांच्याच शेजारी रोझेला पोपटांची निळी पिसं, निळी-पिवळी फुलं, गोगलगायीचे शंख, सिकाडा या किड्याने टाकलेली कात. हे सगळं मिळून त्याचं आजचं अंगण आहे. आणि माणसाच्या वस्तू उचलायची सवय नवीन नाही. इंग्रज पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड १८३८ ते १८४० या काळात ऑस्ट्रेलियात होता. एका बॉवरच्या तोंडाशी त्याला जेमतेम दीड इंचाची घडवलेली दगडी कुऱ्हाड सापडली, सोबत निळ्या सुती कापडाच्या चिंध्या. आदिवासींच्या सोडलेल्या तळावरून पक्ष्याने त्या उचलल्या असणार, असं त्याने लिहून ठेवलंय. तेव्हा चिंध्या होत्या, आता झाकणं आहेत. फोटोत ती येऊ द्या, चित्रातही काढा.

एक काम मात्र बहिणीला जरूर सांगा. दुधाच्या बाटलीच्या झाकणाखाली जी निळी रिंग उरते, ती कचऱ्यात टाकण्याआधी कात्रीने कापायची. हे पक्षी ती चोचीत धरून डोकं हलवतात आणि रिंग मानेत अडकते. त्यात पक्षी मेलेले आहेत. इथल्या घराघरांत हे आवर्जून सांगितलं जातं.

आता काळ्या गोळ्याकडे वळू. प्रौढ सॅटिन नर रंगद्रव्यामुळे निळा नसतो. पिसाच्या तंतूंमध्ये मेलॅनिनचा काळा थर असतो, त्याच्यावर केराटिनचा अतिशय पातळ थर, आणि या रचनेवरून परतणाऱ्या प्रकाशामुळे निळी-जांभळी झळाळी दिसते. प्रकाश, पिसं आणि तुमची नजर यांचा कोन जुळला तरच ती दिसते. नाही जुळला, तर खालचा काळा थर तेवढा उरतो. बहिणीने स्वयंपाकघराच्या दारातून, भर दुपारी, झाडांच्या सावलीत फोटो घेतले असतील तर काळा गोळाच येणार. यात कॅमेऱ्याचा काही दोष नाही.

निघण्याआधी महिनाभर मिळाला तर जांभळ्या सूर्यपक्ष्यावर हात बसवा. पुण्यात तो कुठल्याही बागेत मिळेल. त्याच्या नराचा रंगही असाच प्रकाशाच्या कोनावर चालतो. एका फुलावर बसलेला सूर्यपक्षी मान वळवताना कुठल्या क्षणी काळ्याचा जांभळा होतो, ते बघत राहा आणि त्या क्षणी सूर्य तुमच्या कुठल्या खांद्यावर होता हे टिपून ठेवा. तो अंदाज इथे जसाच्या तसा कामी येतो.

इथे आल्यावर दिशांचा हिशोब मात्र बदलावा लागतो. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून जातो. महाराष्ट्रातून आलेला माणूस सवयीने दक्षिणेची बाजू उजेडाची धरतो आणि दिवसभर प्रकाशाच्या विरुद्ध बसतो. सॅटिनचा बॉवर बहुतेक वेळा उत्तर-दक्षिण रेषेत असतो आणि सजवलेलं मुख्य अंगण उत्तरेच्या टोकाला. मादी बोळात उत्तरेकडे तोंड करून उभी राहते. म्हणजे सकाळी तुम्ही अंगणाच्या ईशान्येला बसलात तर ऊन तुमच्या पाठीमागून येतं, मादीचं तोंड तुमच्याकडे असतं आणि नर बाजूने दिसतो. माझ्या मते ही सर्वांत उपयोगी जागा. होकायंत्र घेऊन आधी बॉवरची रेषा बघा, कारण एखादा बॉवर जागेप्रमाणे तिरपा असतोच.

लख्ख उन्हापेक्षा पातळ ढगांचा दिवस जास्त चांगला. रानात जमिनीवर कवडसे पडतात; पक्षी अर्धा जळतो, अर्धा काळोखात जातो. ढगाळ दिवशी सगळं आभाळच एक मोठा दिवा होतं आणि पाठीवरची झळाळी रुंद, सलग दिसते. पक्षी चौकटीत मोठा असेल तर कॅमेरा काळ्याला राखाडी करू पाहतो, म्हणून एक्स्पोजर अर्धा ते पाऊण स्टॉप खाली घ्या आणि रॉ मध्येच काढा. एफ ५.६, आयएसओ ३२०० ते ६४००, नर स्थिर असताना १/२५० आणि नाचताना १/१००० च्या वर, इतकं धरून सुरुवात करा. आवाज करणारं शटर बंद ठेवा. फ्लॅश वापरू नका: पिसांवर पांढरे डाग पडतात, डोळा काचेच्या मण्यासारखा दिसतो, आणि मादी बिचकते.

कॅमेरा जमिनीलगत हवा. उभ्याने काढलेल्या फोटोत बॉवर म्हणजे काटक्यांचा ढीग वाटतो. भिंतीच्या मध्यापर्यंत लेन्स खाली आणली की बोळ दिसायला लागतो, काटक्या वर जाऊन आत कशा वळतात ते कळतं. हाइड, म्हणजे लपून बसायचा आडोसा, आठ-दहा मीटरवर लावा, आणि काम सुरू करण्याच्या काही दिवस आधी लावून ठेवा म्हणजे पक्षी ते गृहीत धरतील. घराच्या खिडकीतून बॉवर दिसत असेल तर खिडकी हेच उत्तम हाइड. या पक्ष्याला त्या घराची सवय आहेच. फांदी आड येते म्हणून तोडायची नाही. त्या आडोशासाठीच त्याने जागा निवडलेली असते. आवाजाची रेकॉर्डिंग लावून बोलवायचा प्रकारही इथे करू नका.

मोसमात नर दिवसातला बराचसा वेळ बॉवरपाशीच असतो. सकाळी लवकर बसा. त्याची रोजची कामं बघण्यासारखी आहेत. एक काटकी उपसून पुन्हा खोचणं, वाळकं पान बाहेर फेकणं, एखादं झाकण उचलून चार बोटं सरकवणं. आणि भिंत रंगवणं. वनस्पतीचा भाग किंवा कोळशाचा तुकडा चघळून, लाळेत कालवून, तो लगदा आतल्या काटक्यांवर एकेक करून चोचीने फासत जातो. त्यावेळी फिकट चोचीच्या कडांना काळपट लगदा चिकटलेला असतो. हा फोटो नाचाच्या फोटोपेक्षा दुर्मीळ आहे आणि चित्रकाराला कितीतरी जास्त उपयोगाचा. नंतर मादी येते तेव्हा याच काटक्यांना चोच लावून बघते.

नाच सुरू झाला की सगळे नरावर फोकस करतात. तुम्ही मादीवर करा. नर पिसं फुलवतो, पंख झटकतो, घरघर आवाज काढतो, मधेच कुकाबुरासारख्या दुसऱ्या पक्ष्यांची नक्कल करतो, चोचीत एखादी निळी वस्तू धरून अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतो. हे इतकं आक्रमक असतं की मादी दचकून उडून जाऊ शकते. गेल पॅट्रिसेली या संशोधिकेने यंत्राची मादी बनवून बॉवरमध्ये उभी केली आणि तिला कमी-जास्त खाली बसायला लावलं. हे काम २००२ साली प्रसिद्ध झालं. मादी खाली दबून बसली म्हणजे ती निर्धास्त आहे. जे नर तिचं बसणं बघून आपला जोर कमी-जास्त करतात, ते जास्त यशस्वी ठरतात. तेव्हा प्रसंग नेमका काय चाललाय हे मादीच्या पायांच्या वाकण्यावरून कळतं. तिचं दबून बसणं आणि त्याच क्षणीचा नर, दोन्ही एका चौकटीत आले तर तो फोटो नुसत्या निळ्या पक्ष्याच्या शंभर फोटोंना भारी आहे.

पण हिरवा पक्षी दिसला की लगेच ‘मादी’ लिहू नका. नराला पूर्ण निळा-काळा पिसारा यायला सातवं वर्ष उजाडतं. तोवर तो मादीसारखाच दिसतो: वर हिरवट, पंख-शेपटी तांबूस तपकिरी, खाली फिकट पोटावर गडद चंद्रकोरी. हे तरुण नर सरावाचे बॉवर बांधतात, मोठ्यांच्या बॉवरला भेटी देतात, बोळात उभेही राहतात, आणि मोठा नर त्यांच्यासमोरही नाचतो. तरुण नराची चोच पिसारा बदलण्याच्या आधीच फिकट व्हायला लागते, ती खूण बघा. चोच गडद असेल तर मात्र रूपावरून खात्री देता येत नाही, वागण्यावरून ठरवावं लागतं. खात्री नसेल तिथे ‘हिरव्या पिसाऱ्यातला पक्षी’ एवढंच लिहावं. छापलेल्या कितीतरी फोटोंखाली ‘जोडी’ असं लिहिलेलं असतं. त्यातल्या काही जोड्या म्हणजे दोन नर असणार, याबद्दल मला शंका नाही. आणि मुळात ‘जोडी’ हा प्रकारच या पक्ष्यात नाही. नर-मादीची भेट बोळापुरती असते.

आता तिसरी शंका, फोटो असताना चित्र कशाला. याचं उत्तर मला सॅटिनपेक्षा उत्तरेकडच्या ग्रेट बॉवरबर्डमध्ये जास्त स्पष्ट दिसतं. हा टाउन्सव्हिल, डार्विन या भागातला, अंगाने राखाडी-तपकिरी, मानेवर दडवलेला गुलाबी-जांभळा तुरा. टाउन्सव्हिलमध्ये जेम्स कुक विद्यापीठाच्या आवारातसुद्धा याचे बॉवर आहेत. याच्या अंगणात राखाडी-पांढऱ्या वस्तूंचा सडा असतो: दगड, हाडं, शंख. जॉन एंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवून दिलं की हा सडा उतरंडीने मांडलेला असतो. लहान वस्तू बोळाच्या तोंडाशी, जसजसं लांब जावं तसतशा मोठ्या. बोळात उभ्या मादीला लांबची वस्तू लहान दिसायला हवी, पण ती मुळातच मोठी असल्याने सगळं अंगण एकसारख्या ठिपक्यांचं दिसतं. त्या एकसारख्या पार्श्वभूमीवर नर आणि त्याने दाखवलेली रंगीत वस्तू बहुधा जास्त ठसठशीत दिसत असावी. संशोधकांनी वस्तूंची मांडणी मुद्दाम उलटी केली, तर नरांनी तीन दिवसांत ती उतरंड पुन्हा रचायला घेतली. पुढे २०१२ मध्ये लॉरा केली आणि एंडलर यांनी दाखवलं की ज्याच्या अंगणात हा आभास जास्त नीट जमलेला असतो, त्याला मीलनाच्या संधी जास्त मिळतात.

मग यावर फोटो कसा काढणार? बाहेरून लांब लेन्सने काढलात तर दगड-हाडांचा पसारा दिसतो, कारण लांब लेन्स अंतरं चेपून टाकते. वरून काढलात तर उतरंड कळते, पण ती कशासाठी हे कळत नाही. जिथून तो सगळा खेळ उलगडतो ती एकच जागा आहे, मादीच्या डोळ्याची, आणि तिथे कॅमेरा ठेवायचा म्हणजे बोळात हात घालायचा. संशोधकांनी परवानगी घेऊन ते केलंय. आपण छंदासाठी ते करू नये.

चित्रकार मात्र तिथे जाऊन उभा राहू शकतो. एका कागदावर तुम्ही बॉवर बाजूने दाखवू शकता, जवळची भिंत उघडून आतली मादी दाखवू शकता आणि कोपऱ्यात एका छोट्या चौकटीत तिला समोर काय दिसतं तेही. शिवाय रंगवणं, नाच आणि वस्तू मांडणं हे तीन वेगळ्या वेळचे प्रसंग एका प्लेटवर आणता येतात. बाहेरून घेतलेल्या एका फोटोत हे कधीच मावणार नाही. म्हणून मी म्हणतो, फोटो पुरावा म्हणून आणि मोजमापासाठी घ्या, आणि चित्र समजावून सांगण्यासाठी काढा. फोटोची हुबेहूब नक्कल जलरंगात करण्यात मला काही हशील दिसत नाही.

जुन्या प्लेट्स याच नजरेने बघा. जॉन ल्यूइनने १८०८ मध्ये रीजंट बॉवरबर्ड चितारला, काळा आणि सोनेरी, फार देखणा. पण त्याने तो मधुभक्षी पक्ष्यांत घातला. रीजंटचा बॉवर लहानसा, थोडे दिवस टिकणारा आणि दाट झाडीत लपलेला असतो, तो नजरेला पडणं कठीणच. बीगल जहाजाचा कप्तान जॉन लॉर्ट स्टोक्स याला उत्तर ऑस्ट्रेलियात काटक्यांची कमान आणि शंखांचा सडा दिसला, तेव्हा कुठल्यातरी आईने मुलाला खेळायला हे केलं असावं असं त्याला वाटलं होतं. गूल्डने सिडनीच्या संग्रहालयात बॉवर पाहिला. तो त्याच्या मेहुण्याने, चार्ल्स कॉक्सेनने, दिलेला होता. मग तो स्वतः रानात गेला, हे घरटं नाही हे त्याने ओळखलं आणि अख्खे बॉवर जहाजाने इंग्लंडला नेले. त्याची कच्ची रेखाटनं छपाईच्या दगडावर उतरवायचं काम त्याची बायको एलिझाबेथ गूल्ड करत असे. १८४१ मध्ये बाळंतपणानंतर ती वारली आणि पुढे हेन्री रिक्टरने ते काम केलं. या लोकांपुढे पक्ष्यांची वाळवलेली कातडी होती, बॉवरही होता. लंडनमध्ये बसून न मिळणारी गोष्ट एकच, त्यांची एकमेकांशी असलेली हालचाल. म्हणून त्या प्लेट्समध्ये पक्षी बॉवरजवळ शांत उभे असतात. डार्विनने १८७१ मध्ये मादीच्या निवडीबद्दल लिहिताना स्पॉटेड बॉवरबर्डचं बॉवरसकट चित्र छापलं, तेही ब्रेम या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाच्या ग्रंथातून घेतलेलं.

मला यातला सर्वांत आवडता माणूस ओदोआर्दो बेक्कारी. इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ. १८७० च्या दशकात न्यू गिनीच्या आर्फाक डोंगरांत त्याला एक झोपडी दिसली. छप्पर असलेली, दारात शेवाळाची हिरवळ, हिरवळीवर रंगवार मांडलेली फुलं आणि फळं. बांधणारा पक्षी फोगेलकोप बॉवरबर्ड, रंगाने अगदी साधा तपकिरी, शास्त्रीय नावातच ‘इनोर्नाटा’, म्हणजे बिनसजावटीचा. बेक्कारीने त्या झोपडीचं जागेवरच रेखाटन केलं. पक्षी जितका साधा तितका बॉवर भारी, ही गोष्ट पुढे टॉमस गिलियर्ड या पक्षितज्ज्ञाने मांडली. हा पक्षी काढताना चित्रकाराने मोह आवरायला हवा: पक्षी मोठा, रंगतदार करण्याचा. शिवाय आर्फाकमधली छपराची झोपडी काढून खाली न्यू गिनीतल्याच फाकफाक डोंगरांचं नाव लिहून चालत नाही. तिकडचे हेच पक्षी छपराविना काटक्यांचा मनोरा करतात आणि गोगलगायीचे शंख, तपकिरी-काळ्या वस्तू मांडतात. जागा बदलली की बॉवर बदलतो, त्यामुळे तीन फोटो तीन ठिकाणचे घेऊन एक चित्र जुळवू नये.

फोटोचंही तसंच मोल आहे, हे सांगायला एक उदाहरण पुरे. गोल्डन-फ्रंटेड बॉवरबर्डचं वर्णन वॉल्टर रॉथ्सचाइल्डने १८९५ मध्ये व्यापारातून आलेल्या कातड्यांवरून केलं. ती कुठल्या डोंगरातली हे ऐंशीहून जास्त वर्षं कोणालाच सांगता येईना. जॅरेड डायमंड यांना तो १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यू गिनीच्या फोजा डोंगरांत सापडला, आणि जिवंत पक्ष्याचे पहिले फोटो ब्रूस बीलर यांच्या २००५ च्या मोहिमेत मिळाले. डोळ्याचा रंग, पायांचा रंग, उभं राहण्याची ढब, तुरा कधी उभारतो, या गोष्टी वाळल्या कातड्यात उरत नाहीत.

हीच गोष्ट तुमच्या सॅटिनला लागू. डोळा फोटोवरूनच रंगवा. तो निळा-जांभळा असतो आणि काळ्या डोक्यावर एवढा उठून दिसतो की आधी नुसता डोळा रंगवून मगच मी बाकीच्या पक्ष्याकडे वळतो. चोचीच्या मुळाशी बारीक पिसं नाकपुड्यांवर आलेली असतात, त्यामुळे चोच आखूड वाटते; कातडीवरून काढणारे इथे हमखास चोच लांबवतात. नळीतला तयार काळा रंग वापरू नका. गुळगुळीत, ३०० ग्रॅमच्या कागदावर आधी अल्ट्रामरिन आणि जांभळ्याचा पातळ हात द्या, तो पूर्ण वाळू द्या. मग इंडिगो आणि बर्न्ट अंबर मिसळून गडद रंग करा आणि पिसांच्या बुडाशी लावत जा, टोकं सोडत. झळाळी पिसांच्या टोकांवर असते, बुडाशी काळोख; म्हणून जवळून बघितलं की अंग खवल्या-खवल्यांचं दिसतं. झळाळी अंगभर सारखी दाखवू नका. चित्रात प्रकाश एका बाजूने धरलात की झळाळी त्याच कोनात, पाठीच्या आणि पंखाच्या एका पट्ट्यावर यायला हवी. आणि एक गोष्ट कुठल्याच रंगात येणार नाही: पक्ष्यांना अतिनील प्रकाश दिसतो आणि या पिसाऱ्यातून तो परावर्तित होतो. मादीला दिसणारा नर आपल्याला दिसणाऱ्या नरापेक्षा वेगळा आहे. प्लेटखालच्या मजकुरात एक ओळ त्यावर टाकायला हरकत नाही.

काटक्या मनाने काढू नका. फोटो मोठा करून निदान पुढच्या भिंतीतल्या काटक्यांचा कल मोजा: मुळाशी उभ्या, वर जाताना आत वाकलेल्या, खाली जाड आणि वर केसासारख्या बारीक. मापासाठी अंगणात पट्टी ठेवायची गरज नाही. दुधाच्या बाटलीचं झाकण सुमारे चार सेंटिमीटरचं असतं, तेच फोटोतलं तुमचं माप. त्यासाठी बॉवरच्या समोरून, सरळ रेषेत, लेन्स भिंतीला काटकोनात ठेवून एक फोटो जरूर घ्या, दिसायला तो कितीही कंटाळवाणा असला तरी.

दिवस हाताशी असतील तर ब्रिस्बेनहून लॅमिंग्टन राष्ट्रीय उद्यानात जाऊन या. सॅटिन आणि रीजंट दोन्ही मिळतात, आणि रीजंट नराचा सोनेरी रंग झळाळीचा नसल्याने काढायला सोपा जातो. उत्तरेला अ‍ॅथरटनच्या पठारावर जाणार असाल तर माउंट हिपिपामीच्या बाजूला गोल्डन बॉवरबर्ड आहे. घराण्यातल्या सर्वांत लहान पक्ष्यांपैकी हा एक, आणि त्याचा बॉवर तीन मीटरपर्यंत उंच जातो, त्यावर फिकट दगडफूल मांडलेलं. तिथे रस्त्यापासून फार आत शिरू नका. त्याच त्या जागा वर्षानुवर्षे वापरात असतात आणि मुळांवर पडणारी पायवाट बुजत नाही.

प्लेटवर उत्तर दिशेचा बाण, महिना, बॉवरचं माप आणि ‘ब्रिस्बेनच्या पश्चिमेकडचा डोंगर’ एवढं लिहा, बहिणीचा पत्ता नको. फोटो टाकतानाही त्यातलं लोकेशन काढून टाका. अंगणात काही ठेवलं नाही आणि काही हलवलं नाही, हे वाक्य मजकुरात असू द्या. आज तयार करून मांडलेले आणि यंत्राकडून बनवून घेतलेले इतके फोटो फिरताहेत की वाचणाऱ्याला ते सांगणं आपलं काम आहे. कच्चं रेखाटन झालं की रंग लावण्याआधी दाखवा. भिंतीचा कल आणि मादीचं उभं राहणं त्याच टप्प्यावर सुधारता येतं.